तीन बाप, तीनशे मैल: एका स्मृती-पदयात्रेचं प्रकरण

ऑक्टोबर २०२१मध्ये इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंब्रियातून तीन बाप पायी निघाले. पंधरा दिवसांत तीनशे मैल, म्हणजे साधारण ४८० किलोमीटर तुडवून ते पूर्वेकडच्या नॉरफकमध्ये पोचले. अँडी एअरी, माइक पामर आणि टिम ओवेन ही त्यांची नावं. तिघांच्याही मुली आत्महत्येने गेलेल्या. एअरींची सोफी डिसेंबर २०१८मध्ये गेली, तेव्हा ती २९ वर्षांची होती. पामरांची बेथ १७ची आणि ओवेनांची एमिली १९ची. या दोघी मार्च २०२०मध्ये गेल्या, ब्रिटनमध्ये पहिली टाळेबंदी लागली त्याच्या आगेमागे. वाट तिघांच्या घरांवरून आखलेली होती. एअरींच्या घरून निघायचं, मँचेस्टरलगतच्या सेलमध्ये पामरांचं घर गाठायचं आणि शेवट ओवेनांच्या शोल्डम गावी करायचा. या उपक्रमाला त्यांनी साधंसरळ नाव दिलं, 'थ्री डॅड्स वॉकिंग'.

अशा पदयात्रा तिकडे नव्या नाहीत. आयर्लंडमध्ये २००९ साली डब्लिनच्या फीनिक्स पार्कात सुमारे ४०० माणसं पहाटेच्या अंधारात पाच किलोमीटर चालली. तिथून सुरू झालेली 'डार्कनेस इनटू लाइट' पुढे अनेक देशांत पोचली. अमेरिकेतही गावोगाव असे मेळे भरतात. मग त्यातलं हेच प्रकरण उलगडून का बघायचं? एक तर बहुतेक पदयात्रा धनादेश सुपूर्त झाला की संपतात. ही तिथे संपली नाही. चालता चालता तिला एक नेमकी मागणी सापडली, ती संसदेपर्यंत गेली, आणि तिचं पुढे काय झालं हे आज कागदोपत्री बघता येतं. दुसरं म्हणजे मुलाच्या आत्महत्येनंतर घरचे लोक चारचौघांत उभे राहतात तेव्हा काय साधतं, काय बिघडू शकतं आणि काय हाताबाहेरच राहतं, हे सगळं या एका प्रकरणात दिसतं.

पैसा कोणासाठी

तिघे चालले ते पॅपिरस या संस्थेसाठी. पस्तिशीच्या आतल्या तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचं काम ही संस्था करते. १९९७मध्ये लँकशरमधल्या जीन कर या आईने आपला मुलगा गेल्यानंतर ती सुरू केली, आणि पहिल्या काळात ती खऱ्या अर्थाने पालकांचीच संघटना होती. तिघा बापांची ओळखही याच संस्थेसाठी चाललेल्या धडपडीतून झाली. त्याआधी ते एकमेकांना ओळखत नव्हते. राहायलाही देशाच्या तीन टोकांना.

ब्रिटनमध्ये ३५ वर्षांखालच्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आत्महत्या आहे. ही गोष्ट मुलगी गेल्यानंतरच कळली, असं तिघांनीही पुन्हा पुन्हा सांगितलंय. पॅपिरसची हेल्पलाइनही त्यांना आधी ठाऊक नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तिघंही सुजाण, मुलींवर जीव टाकणारे, त्यांच्या आयुष्यात असलेले बाप. पामर तर अग्निशमन दलातले, म्हणजे दुसऱ्याच्या घरात संकट आलं की आत शिरायचं हाच ज्यांचा व्यवसाय. तरी हा धोका आपल्या उंबऱ्याशी येऊ शकतो, याची कल्पना नव्हती. मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतात, पोहायला शिकवतात, आगीत काय करायचं ते शिकवतात. याबद्दल मात्र अवाक्षर नाही, घरात नाही आणि शाळेतही नाही.

हेल्पलाइनवर नेमकं काय होतं, हेही बघायला हवं, कारण देणगीचं रूपांतर शेवटी तिथल्या बोलण्यात होतं. फोन उचलणारी व्यक्ती प्रशिक्षित सल्लागार असते. ती आडवळणाने विचारत नाही. 'तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?' असं थेट विचारते. उत्तर 'हो' आलं तर घाबरत नाही, उपदेश करत नाही, 'तुझ्या आईबाबांचा विचार कर' असंही म्हणत नाही. मग दोघं मिळून सुरक्षिततेचा आराखडा बनवतात. विचार जोरात येतात तेव्हा ते आधी कशावरून कळतं, पुढचे काही तास कसे काढायचे, कोणाजवळ जाऊन बसायचं, कोणाला फोन करायचा, आणि धोक्याच्या वस्तू हाताशी राहू नयेत म्हणून घरातल्या कोणाची मदत घ्यायची. मुलाबद्दल काळजी वाटणारे आईबाप, मित्र, शिक्षकही इथे फोन करू शकतात. हा पर्याय फार थोड्यांना माहीत असतो.

थेट विचारलं तर 'नसलेलं डोक्यात घातल्यासारखं' होईल, ही भीती जगभर आहे. २०१४मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही. उलट विचारल्याने ताण थोडा हलका होत असावा, असं दिसलं.

आता रकमेकडे. चालण्याच्या काळात बीबीसीने त्यांना सकाळच्या कार्यक्रमात वरचेवर दाखवलं, अभिनेता डॅनियल क्रेगने १० हजार पाउंड दिले, आणि देणग्या पाच लाख पाउंडांच्या पुढे गेल्या. पुढच्या वर्षीची यात्रा धरली तर एकूण आकडा दहा लाखांपलीकडे जातो. ब्रिटनमध्ये यात 'गिफ्ट एड'ची भर पडते. करदात्याने १० पाउंड दिले आणि अर्जातल्या चौकटीत खूण केली की सरकार त्यात आणखी अडीच पाउंड घालतं. नटाची देणगी बातमीत येते, पण अशा मोहिमा उभ्या राहतात त्या पाच-दहा पाउंडांच्या असंख्य देणग्यांवर, सोबत लिहिलेल्या दोन ओळींसकट. त्या दोन ओळींत बऱ्याचदा आणखी कोणाच्या तरी मुलाचं नाव असतं.

चालण्यातून काय साधलं

समोरासमोर बसवून 'बोल, मन मोकळं कर' म्हटलं की बरेच पुरुष आखडतात. सोबत चालताना तसं होत नाही. दोघांची नजर पुढच्या वाटेवर, डोळ्यांत डोळे घालायची सक्ती नाही. बोलणं जड झालं तर चढावर धाप लागल्याचं निमित्त आहेच. मधेच दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही तरी अवघडलेपण येत नाही. दिवसाला वीस मैल, असे पंधरा दिवस. एवढा वेळ दुःखाला एरवी कुठला समुपदेशक देणार? शिवाय शेजारी चालणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. 'काही खुणा दिसल्या नव्हत्या का?' हा प्रश्न मुलाच्या आत्महत्येनंतर प्रत्येक आईबापाला कोणी ना कोणी विचारतंच, आणि स्वतःचं मन तर रात्रंदिवस विचारतं. या तिघांत तो प्रश्न विचारायची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट त्यांनाही अपेक्षित नसावी. वाटेत माणसं थांबून त्यांना गाठू लागली. मुलगा किंवा मुलगी गमावलेले आईबाप येत, मोबाइलवर फोटो दाखवत, थोडं अंतर सोबत चालत. मृत्यू अपघाताने झाला असता तर शेजारीपाजारी जमले असते. आत्महत्येनंतर मात्र लोक काय बोलावं हे न सुचून रस्ता बदलतात, आणि घरचे आतल्या आत मिटून जातात. अशा घरांतली माणसं आपणहून रस्त्यावर आली ती ओळखीचं दुःख उघड्यावर चालताना दिसलं म्हणून. मोहिमेचं यश मोजायला बसलं तर लोक आधी पाउंड मोजतात. मी या भेटी आधी धरीन, जरी त्यांचा हिशेब कुठल्याच अहवालात येणार नाही.

या भेटींना एक काळी बाजूही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये १८ ते ४० वयाच्या ३,४३२ शोकग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळचं माणूस अचानक नैसर्गिक कारणाने गमावलेल्यांच्या तुलनेत, ते आत्महत्येने गमावलेल्यांनी स्वतः आत्महत्येचा प्रयत्न केलेला असण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे वाटेवर भेटायला येणारी माणसं केवळ 'पाठिंबा देणारी' नसतात, त्यांतली काही स्वतः धोक्यात असतात. अशा यात्रेचं आयोजन म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि टी-शर्ट इतकंच नाही. कोणी थांबवून बोलायला लागलं, आणि ते बोलणं भूतकाळातून वर्तमानात सरकलं, तर सोबतच्या कोणाला तरी पुढची पायरी माहीत असावीच लागते.

काय सांगायचं आणि काय नाही

आत्महत्येची बातमी कशी दिली जाते यावर जीव अवलंबून असतात, हे व्हिएन्नाने जगाला दाखवलं. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या घटना वृत्तपत्रं रंगवून छापत होती. १९८७मध्ये पत्रकारांसाठी नियमावली आली, वार्तांकन आवरलं आणि त्या ठिकाणच्या घटना लक्षणीय घटल्या. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०१०मध्ये उलट बाजूही मांडली. संकटात सापडून त्यातून सावरलेल्या माणसाची कथा छापून येते, तेव्हा तिचा संरक्षक परिणाम होऊ शकतो. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ही १९५३पासूनची संस्था माध्यमांना याच धर्तीवर सूचना देते: पद्धतीचा तपशील नको, एकच कारण चिकटवू नका, मृत्यूला सुटकेचं किंवा त्यागाचं रूप देऊ नका, आणि मदत कुठे मिळेल ते सांगा.

स्मृती-पदयात्रेचं घोडं नेमकं इथे अडतं. स्मृती म्हटली की गौरव आलाच. फुलं, फोटो, 'आता ती शांत आहे', 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' अशी वाक्यं आपसूक येतात. आईबापांना ती म्हणायचा हक्क आहे, कोणी टोकू नये. पण गर्दीत एखादी सोळा वर्षांची मुलगी उभी असते, आधीच स्वतःला नकोशी झालेली. गेल्यानंतर किती प्रेम मिळतं ते ती डोळ्यांनी बघत असते.

तिघांनी हे बऱ्यापैकी सांभाळलं, असं माझं मत. मुलींबद्दल ते भरभरून बोलले, पण त्या कशा होत्या याबद्दल. शेवटच्या दिवसाचं वर्णन मोहिमेचं भांडवल झालं नाही. बोलण्याचा शेवट मदतीकडे वळत असे: बोला, विचारा, या क्रमांकावर फोन करा. पॅपिरसची हेल्पलाइन आज 'होपलाइन २४७' नावाने चोवीस तास चालते, समॅरिटन्सचा क्रमांक ११६ १२३ आहे. (हे वाचताना स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी गरज वाटली तर भारतात टेली-मानस, १४४१६. दिवसरात्र, मराठीतही.)

माध्यमांनी मात्र अधूनमधून घात केलाच. टाळेबंदीच्या सुमाराला झालेल्या मृत्यूंना थेट टाळेबंदीचं लेबल लावणारे मथळे आले. आत्महत्येमागे सहसा कारणांचा गुंता असतो, आणि तो बाहेरून एका ओळीत सोडवला की वाचणाऱ्या दहा घरांना खोटा दिलासा मिळतो: आपल्याकडे तसं काही नाही, म्हणजे आपण सुरक्षित.

दुसरी यात्रा: मागणी

पहिल्या वाटचालीत लोकांशी बोलता बोलता एक गोष्ट पक्की झाली. मुलांशी या विषयावर बोलायची जबाबदारी कोणाचीच नाही. पॅपिरसच्या म्हणण्याप्रमाणे ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे २०० शाळकरी मुलं आत्महत्येने जातात. तरी शाळेच्या अभ्यासक्रमात आत्महत्या-प्रतिबंध हा सक्तीचा भाग नव्हता. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२मध्ये तिघे पुन्हा निघाले. या वेळी सहाशे मैल, बेलफास्टमधल्या स्टॉरमाँटपासून, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळापासून, एडिनबरा आणि कार्डिफ करत लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत, युनायटेड किंगडमच्या चारही विधिमंडळांच्या दारांवरून.

चारच का, याचं उत्तर तिथल्या राज्यव्यवस्थेत आहे. शिक्षण हा तिथे केंद्राचा विषय नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड आपापला अभ्यासक्रम ठरवतात. एका दारावर हाक मारून भागत नाही.

वेळ मात्र याहून वाईट मिळाली नसती. ६ सप्टेंबरला लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, ८ तारखेला राणी एलिझाबेथ गेल्या, आणि ऑक्टोबर संपायच्या आत ट्रस पायउतार होऊन ऋषी सुनक आले. स्टॉरमाँटमधलं सरकार राजकीय पेचात कोसळलेलंच होतं. २०२२ या एका वर्षात इंग्लंडला पाच शिक्षणमंत्री झाले, त्यातल्या एकजणी तर दोनच दिवस पदावर होत्या. निवेदन द्यायचं तरी कोणाच्या हातात?

इथे ब्रिटिश संसदेची याचिका-पद्धत कामी आली. संकेतस्थळावरच्या याचिकेला दहा हजार सह्या झाल्या की सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. मंत्री बदलले म्हणून सह्या पुसल्या जात नाहीत. या याचिकेवर एक लाख साठ हजारांच्या वर सह्या झाल्या आणि १३ मार्च २०२३ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. तिथे मतदान होत नाही, कायदा होत नाही. पण खासदारांना उभं राहून बोलावं लागतं आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, तेही नोंदीवर.

मग सरकारी चाकं फिरली, त्यांच्या गतीने. नातेसंबंध, लैंगिक शिक्षण आणि आरोग्य यांसाठीच्या शालेय मार्गदर्शिकेचं पुनरावलोकन सुरू झालं. मे २०२४मध्ये मसुदा आला, त्यात आत्महत्या-प्रतिबंधाचा विषय होता. जुलैमध्ये निवडणूक होऊन सरकारच बदललं आणि मसुदा पुन्हा टेबलावर गेला. अखेर नवी मार्गदर्शिका जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंमलासाठी दिलेली तारीख आहे १ सप्टेंबर २०२६. पहिलं पाऊल पडलं तेव्हा जो मुलगा अकरा वर्षांचा होता, तो या तारखेला सोळाचा असेल.

आक्षेप

पहिला आक्षेप डावीकडून येतो आणि तो रास्त आहे. हेल्पलाइन ही सरकारने चालवायची गोष्ट. ती मुली गमावलेल्या बापांच्या टाचेवरच्या फोडांवर का चालावी? देणग्यांनी फोन उचलणारे वाढतात. पण फोनवर धीर दिल्यानंतर ज्या मुलाला खरोखर उपचार हवेत, तो राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या बालमानसोपचार विभागाच्या प्रतीक्षायादीत जाऊन बसतो. ती यादी पदयात्रेने कमी होत नाही.

दुसरा आक्षेप कमी बोलला जातो. ब्रिटनमध्ये आत्महत्येने जाणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश पुरुष असतात. इथे मात्र कॅमेऱ्यासमोर आल्या त्या तीन मुली. यात बापांचा दोष नाही, त्यांनी आपल्याच मुलींबद्दल बोलायचं. पण सहानुभूती कोणाकडे लवकर वळते, हे यातून कळतं. दारूत बुडालेला, कामावरून काढलेला, सगळ्यांशी भांडलेला तिशीतला तरुण गेला, तर त्याच्या नावाने एवढी माणसं रस्त्यावर येतील का, याची मला शंका आहे. तशीच गोष्ट पालकांची. संस्था काढली एका आईने, जवळपास पाव शतक आधी. गाजले ते बाप, कारण रडणारा बाप अजून बातमी आहे.

तिसरा मुद्दा स्वतः चालणाऱ्यांचा. आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस रोज नव्या माणसाला सांगायचा, दर गावी, दर कॅमेऱ्यापुढे. काहींना त्यातून बळ मिळतं. काहींसाठी मोहीम हेच शोक पुढे ढकलायचं साधन बनतं, आणि ती थांबली की सगळं एकदम अंगावर येतं. मूल गेल्यानंतर पहिल्याच वर्षी यात्रेचं आयोजन अंगावर घेऊ पाहणाऱ्या घराला मी तरी म्हणेन, चाला, पण आयोजन दुसऱ्या कोणाकडे द्या. इथे पहिल्या यात्रेपर्यंत एअरींच्या बाबतीत जवळपास तीन वर्षं गेली होती, बाकी दोघांच्या बाबतीत दीड. आणि ते तिघं होते, ही गोष्ट लहान नाही.

आज कुठे आहे

नवी मार्गदर्शिका माध्यमिक शाळांना या विषयाकडे वळायला सांगते, पण जपून: वयाला धरून, सुरक्षित भाषेत, जाणकारांचा सल्ला घेऊन. धडा शिकवण्याचं काम वर्गशिक्षकांवर येणार, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःच या विषयावर कधी कोणी शिकवलेलं नाही. तास संपल्यावर एखादं मूल रेंगाळलं आणि 'हे माझ्याबद्दल आहे' म्हणालं, तर शिक्षकाने त्याला कोणाकडे न्यायचं, घरी कधी कळवायचं आणि त्या संध्याकाळी मूल एकटं राहणार नाही हे कोणी बघायचं, याची उत्तरं प्रत्येक शाळेला आधीच लिहून ठेवावी लागतील. शिवाय ही मार्गदर्शिका फक्त इंग्लंडची. बाकी तिन्ही ठिकाणचे अभ्यासक्रम, मंत्री आणि प्रक्रिया वेगळ्या आहेत, आणि तिथला पाठपुरावा तिथेच करावा लागणार आहे.